खाऱ्या वाऱ्यात टिकणारा दिवा: घरच्या कारखान्याने पर्यावरणाचं वचन कसं द्यावं

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यात एका कुटुंबाचा दिव्यांचा छोटा कारखाना आहे. आजोबांच्या काळात ट्यूबच्या पट्ट्या आणि चोक, वडिलांच्या काळात सीएफएलची फिटिंग्ज, आता एलईडीचे बाहेर लावायचे दिवे. रिसॉर्टवाले आणि ग्रामपंचायती विचारतात, तुमचा माल पर्यावरणपूरक आहे का? माहितीपुस्तिकेत कारखान्याचा इतिहास आणि पर्यावरणाची बांधिलकी लिहायची आहे. त्यात काय लिहावं, आणि लिहिलेलं खरं ठरावं म्हणून कारखान्यात काय बदलावं?

इतिहास लिहाच, पण तो मालकांच्या फोटोंचा नको, दिव्यांचा हवा. कोणत्या वर्षी काय बनत होतं, त्यात काय बिघडायचं आणि बिघडलं की गिऱ्हाईक काय करायचं, एवढं लिहिलं की बांधिलकी त्यातूनच निघते. ट्यूबची पट्टी घ्या. स्टार्टर गेला तर स्टार्टर बदलायचा, चोक गेला तर चोक, ट्यूब गेली तर ट्यूब. पत्र्याची पट्टी भिंतीवर तशीच. वीज मात्र ती भरपूर खायची: 36 वॉटची ट्यूब आणि वर तांब्याच्या चोकमध्ये 10 ते 15 वॉट नुसते गरम होण्यात जायचे. आज तेवढाच उजेड 20 वॉटची एलईडी पट्टी देते. पण ती बंद पडली की अख्खी भंगारात जाते, कारण ती उघडताच येत नाही. तुमच्या तीन पिढ्यांत विजेचा खर्च निम्म्याहून खाली आला आणि दुरुस्ती संपली, हा खरा इतिहास आहे. तो तसाच छापा. बांधिलकी एकच ठेवा: वीज एलईडीएवढी कमी आणि दुरुस्ती जुन्या पट्टीसारखी सोपी.

मराठी मुलखात घराण्याने चालवलेल्या दिव्याच्या कारखान्याचा दाखला हवा असेल तर ओगले बंधूंचा आहे. 1916 मध्ये औंध संस्थानात, कराडजवळ त्यांनी काचकारखाना उभारला आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. कंदिलाची काच फुटली तर काच मिळायची, वात संपली तर वात, बर्नरही वेगळा निघायचा. सुटा भाग बाजारात मिळतो म्हणून वस्तू घरात राहते, हे तेव्हापासूनचं आहे.

आता कारखान्याकडे वळू. किनाऱ्यावर बाहेरचा दिवा मरतो तो बहुतेक वेळा एलईडी चिपमुळे नव्हे. आधी ड्रायव्हर (मेन्सची वीज एलईडीजोगी करून देणारं सर्किट) जातो, मग आत पाणी शिरतं, मग धातू सडतो. म्हणून पैसा आणि डोकं याच क्रमाने घाला.

ड्रायव्हरमधला सर्वांत नाजूक भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा हिशेब धरतात. 105 अंशांना 8,000 तासांचा कपॅसिटर 95 अंशांवर चालला तर 16,000 तास, 75 अंशांवर चालला तर 64,000 तास. रस्त्यावरचा दिवा रोज 12 तास म्हणजे वर्षाला 4,380 तास जळतो. 95 अंशांवरचा चार वर्षंही पुरणार नाही, 75 अंशांवरचा चौदा वर्षांवर जाईल. भाग तोच, फरक फक्त तो कुठे बसवला याचा. त्यामुळे ड्रायव्हर एलईडीच्या प्लेटच्या, म्हणजे चिप बसवलेल्या पत्र्याच्या, पाठीला चिकटवू नका. त्याला वेगळा कप्पा द्या, मध्ये 8-10 मिलिमीटर हवा ठेवा, आणि दिवा दोन तास जाळून ड्रायव्हरच्या डब्यावरच्या टीसी ठिपक्याला (तापमान मोजायची खूण) थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून मोजा. कंपनीने दिलेल्या कमाल आकड्यापेक्षा निदान 15 अंश खाली असेल तरच तो नमुना पास करा. मोजणी भर मे महिन्यात किंवा बंद खोलीत 40 अंशांवर करा. पावसाळ्यातल्या गार हवेतला आकडा फसवा असतो.

डीओबी, म्हणजे ड्रायव्हर आणि चिप एकाच प्लेटवर असलेली रचना, स्वस्त पडते म्हणून सगळीकडे दिसते. किनाऱ्यावरच्या बाहेरच्या दिव्यात ती वापरू नका. प्लेटवर थेट मेन्सचा दाब असतो, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. विजेचा झटका थेट चिपपर्यंत पोचतो. शिवाय एक आयसी गेला तर पूर्ण प्लेट कचऱ्यात. आयसोलेटेड (आउटपुट मेन्सपासून वेगळं ठेवणारा), कॉन्स्टंट करंट (करंट एकसारखा देणारा), 60 व्होल्टच्या आत आउटपुट असलेला सुटा ड्रायव्हर घ्या आणि तो बीआयएसचा आर-नंबर (नोंदणी क्रमांक) असलेलाच घ्या.

15 वॉटच्या दिव्याची एक रचना देतो. 2835 मापाची अर्ध्या वॉटची चिप 150 मिलिअँपिअरपर्यंत चालते, पण तिला 90 वरच चालवा. 12 चिप एका ओळीत, अशा 5 ओळी समांतर, एकूण 60. व्होल्टेज साधारण 34, करंट 450 मिलिअँपिअर. पूर्ण करंटवर हाच दिवा 34 चिपमध्ये होतो, म्हणजे 26 चिपचा खर्च वाढला. त्याबदल्यात तीन गोष्टी मिळतात. कमी करंटवर चिप दर वॉटला जास्त उजेड देते. प्लेट कमी तापते. आणि एखादी चिप उघडी पडून एक ओळ बंद झाली, तर उरलेल्या चार ओळींवर 112 मिलिअँपिअर येतो, तोही मर्यादेच्या आतच. पूर्ण करंटवर चालणाऱ्या दिव्यात एक ओळ गेली की बाकीच्यांवर जादा भार पडतो आणि त्या एकामागून एक जातात. चिपवर काळा ठिपका दिसतो तो याच मरणाचा. अशी प्लेट स्क्रूने बसवा, चिकटवू नका. खाली थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर पुरतो. जाड थापलेली पेस्ट उष्णता उलट अडवते.

आपल्याकडच्या लाइनचा विचार ड्रायव्हर निवडताना झालाच पाहिजे. वादळवाऱ्यात माडाची झावळी किंवा फांदी पडून न्यूट्रल तुटतो आणि सिंगल फेजच्या घरात 400 व्होल्टच्या आसपास दाब येतो. 275 व्होल्टचा एमओव्ही (जादा दाब अंगावर घेणारा भाग) लावलेला ड्रायव्हर अशा वेळी वाचत नाही, तो एमओव्ही जळून फुटतो. 440 व्होल्टहून जास्त दाब सतत सोसणारा, निदान 14 मिलिमीटर व्यासाचा एमओव्ही घ्या आणि त्याच्या अलीकडे फ्यूज ठेवा. ड्रायव्हर 440 व्होल्टवर काही तास तग धरणारा, आणि साधारण 300 व्होल्टच्या वर स्वतः बंद होऊन दाब उतरल्यावर पुन्हा सुरू होणारा मागा. पुरवठादार कागदावर 'हो' म्हणतील. तुम्ही प्रत्येक लॉटमधले दोन ड्रायव्हर व्हेरिअॅकला (दाब कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला) आणि दोन फेजना लावून बघा.

मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजांसाठी रस्त्याच्या दिव्यात 10 केव्हीचा वेगळा एसपीडी (विजेमुळे उसळलेला दाब स्वतःवर घेणारा भाग) सिरीजमध्ये बसवा. सिरीजमध्ये बसवला की एसपीडी संपल्यावर दिवा बंद होतो. लाइनमन तेवढाच भाग बदलतो, मागचा ड्रायव्हर शाबूत राहतो. समांतर लावला तर तो कधी मेला हे कोणाला कळतही नाही, आणि पुढची वीज थेट ड्रायव्हरमध्ये उतरते. एक अडचण मात्र आहे: एसपीडीला चांगलं अर्थिंग लागतं आणि जांभ्यात ते सहज मिळत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. खांबाचं अर्थिंग पावसाळ्यात मोजून समाधान मानू नका, एप्रिल-मेमध्ये मोजा. हे काम कंत्राटदाराचं असलं तरी बसवण्याच्या सूचनेत तुम्हीच लिहून द्या.

दुसरा शत्रू पाणी, आणि इथे नेहमीचा गैरसमज असा की गॅस्केट चांगलं म्हणजे दिवा चांगला. तापलेल्या दिव्यावर जूनची सर पडली की आतली हवा एकदम आकसते आणि आत निर्वात ओढ तयार होते. ती ओढ गॅस्केटच्या फटीतून, अगदी वायरच्या तांब्याच्या तारांमधूनही पाणी खेचते. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर पडत नाही, रोज रात्री वाफ होतं आणि पहाटे काचेवर धरतं. उपाय म्हणजे ब्रीदर: पीटीएफईच्या पडद्याचा छोटा व्हेंट, जो हवा जाऊ देतो आणि पाणी अडवतो. तो दिव्याच्या खालच्या अंगाला बसवा आणि पावडर कोटिंगनंतरच बसवा, नाहीतर भोकं बुजतात. गॅस्केट सिलिकॉनचं, जाडीच्या साधारण चौथा हिस्सा दाबलं जाईल असं. स्क्रू कोपऱ्यांतच नकोत, त्यांच्यात फार अंतर राहिलं तर मधला भाग फुगतो. केबल खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली पोट द्या, म्हणजे पाणी ओघळून तिथून टपकेल. टिन केलेली तांब्याची वायरच वापरा. उघड्या तांब्यात खारं पाणी आत आत चढतं आणि वायर काळी पडते.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. फट बुजवायला बाजारातलं व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कधीही वापरू नका. सुकताना त्यातून अॅसिटिक अॅसिड निघतं आणि बंद डब्यात ते तांबं नि सोल्डर खातं. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या. तसंच गंधक घालून पक्कं केलेलं काळं रबर गॅस्केट म्हणून आत ठेवू नका. गंधकाच्या वाफेने चिपमधला चांदीचा मुलामा काळा पडतो, उजेड काही महिन्यांतच उतरतो आणि दोष चिपवर येतो.

ड्रायव्हर पॉटिंग करावा का, म्हणजे राळ ओतून आतून पूर्ण भरावा का, हा प्रश्न दुरुस्तीच्या वचनाला थेट भिडतो. पॉटिंग केलेला ड्रायव्हर उघडून दुरुस्त होत नाही, न केलेला खाऱ्या हवेत टिकत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पडवीत, घरात, दुकानात लागणाऱ्या दिव्यात पॉटिंग नको. तिथे कॉन्फॉर्मल कोटिंगचा (सर्किटवरच्या संरक्षक लेपाचा) 50 मायक्रॉनच्या आसपास थर आणि स्क्रूचं झाकण पुरे. समुद्रासमोरच्या आणि खांबावरच्या दिव्यात पॉटिंग हवंच, पण ड्रायव्हरला दोन्ही बाजूंना वॉटरप्रूफ कनेक्टर द्या. शिडीवर चढलेल्या माणसाला तो एका स्क्रूड्रायव्हरने, सोल्डर न करता, बदलता आला पाहिजे. हे जमलं का ते कारखान्यातल्या नव्या मुलाला हातमोजे घालून करायला लावा.

धातू. आपल्याकडे डायकास्ट (साच्यात दाबाने ओतलेली) बॉडी बहुधा एडीसी 12 या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची येते. त्यात तांबं 1.5 ते 3.5 टक्के असतं आणि तेच समुद्राकाठी घात करतं. रंग कुठेही चिरला की खालून पांढरी भुकटी फुगत जाते, कडेला रंगाखाली दोऱ्यासारख्या रेघा पळतात. एलएम 6 या दुसऱ्या मिश्रधातूत तांबं 0.1 टक्क्याच्या आत असतं, म्हणून किनाऱ्यासाठी तो घ्यावा. इथे पर्यावरणाच्या हिशेबात एक खरी ओढाताण आहे आणि ती पुस्तिकेत लपवू नये. भंगारातून गाळलेल्या अॅल्युमिनियमला नव्या धातूच्या सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते, आणि मिश्र भंगारातून एडीसी 12 सहज बनतो, एलएम 6 तितका सहज नाही. पण तीन-चार पावसाळ्यांत सडलेली बॉडी कितीही भंगारातून बनलेली असली तरी ती दोनदा बनवावी लागते. किनाऱ्यापासून आत, घाटाच्या पायथ्याला जाणाऱ्या मालासाठी एडीसी 12 चालेल. वाळूवर उभ्या राहणाऱ्या दिव्यासाठी नाही. दोन वेगळी मॉडेलं ठेवा आणि कोणतं कुठे लावायचं ते खोक्यावर छापा.

डाय (साचा) काढायला पैसे नसतील तर डायकास्टचा नाद सोडा. 6063 या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं एक्स्ट्रुजन (साच्यातून दाबून काढलेली लांब पट्टी) घ्या, हव्या लांबीला कापा, दोन टोकांना झाकणं लावा. त्यात तांबं नगण्य, उष्णता उत्तम वाहते, आणि एकाच प्रोफाइलमधून 10, 15, 30 वॉटचे दिवे निघतात, म्हणजे सुटे भागही एकच ठेवावे लागतात. छोट्या कारखान्याला ही वाट जास्त झेपते.

पावडर कोटिंग बाहेरून करून घेत असाल तर करणाऱ्याला चार गोष्टी लिहून द्या. सगळ्या कडा 2 मिलिमीटर गोल झाल्याशिवाय रंग नाही, धारदार कडेवर रंग पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. सगळी भोकं रंगाआधी पाडलेली. शेवटची धुलाई डीएम (क्षार काढलेल्या) किंवा आरओच्या पाण्याने, कारण खाऱ्या विहिरीच्या पाण्याने धुतलं तर मीठ रंगाखाली कायमचं बंद होतं. आणि प्रीट्रीटमेंट (रंगाआधीची रासायनिक प्रक्रिया) हेक्साव्हॅलंट क्रोमियमची नको, झिर्कोनियमची करा. जुन्या क्रोमेटचं सांडपाणी विषारी असतं आणि ते शेवटी कुठल्या तरी वहाळात जातं. थर दोन: खाली इपॉक्सी प्रायमर, वर 60 ते 80 मायक्रॉन शुद्ध पॉलिएस्टर. नुसत्या इपॉक्सीचा किंवा इपॉक्सी-पॉलिएस्टर मिश्रणाचा रंग उन्हात खडूसारखा होतो. धुतलेला माल त्याच पाळीत रंगवा. पावसाळ्यात रात्रभर उघडा ठेवलेला माल सकाळी पुन्हा धुवावा लागतो, हे कारागिरांना नीट समजवा.

स्क्रू एसएस 316 चे. 304 वर समुद्राकाठी तांबूस डाग आणि बारीक खड्डे पडतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. स्टील आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना भिडले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, म्हणून नायलॉन वॉशर आणि आट्यांना अँटी-सीझ पेस्ट. ही पेस्ट नसेल तर पाच वर्षांनी स्क्रू फिरत नाही, तुटतो, आणि दुरुस्तीचं वचन तिथेच संपतं.

तपासणीसाठी महागड्या प्रयोगशाळेची वाट बघू नका. प्रमाणित सॉल्ट स्प्रे, म्हणजे 5 टक्के मिठाचा 35 अंशांवरचा फवारा, वर्षातून एकदा नव्या मॉडेलचा करून घ्या. रोजच्यासाठी असं: दिवा एक तास जाळा, बंद करा, लगेच लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलेल्या गार पाण्याची दहा मिनिटं धार. हे 20 वेळा. मग उघडा आणि आत टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर लॉट थांबवा. पाठवण्याआधी प्रत्येक दिवा 270 व्होल्टवर 8 तास जाळा आणि 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन बघा.

आता उजेडाबद्दल. कोकण किनाऱ्यावर दिवा बनवणाऱ्याने वीज आणि कचरा यापुढे जाऊन समुद्राचाही विचार केला पाहिजे. वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून वेळासच्या लोकांबरोबर ती राखली आहेत. पिल्लं रात्री बाहेर येतात आणि क्षितिजावर जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात. समुद्र उजळ असतो म्हणून ती पाण्यात जातात. रिसॉर्टचा पांढरा फ्लड लाइट त्याहून उजळ असेल तर ती रस्त्याकडे वळतात आणि सुकून किंवा कुत्र्यांच्या तोंडी मरतात. किनाऱ्याकडे तोंड असलेल्या जागेसाठी वेगळा दिवा बनवा: 590 नॅनोमीटरच्या आसपासची अंबर चिप, 560 च्या खाली काहीच नको, उंची गुडघ्याएवढी, वरून आणि समुद्राच्या बाजूने पूर्ण झाकलेला. 2700 केल्विनचा वॉर्म व्हाइट म्हणजे अंबर नव्हे, त्यात निळा भाग असतोच. अंबर चिपचं व्होल्टेज 2.1 च्या आसपास असल्याने वरच्याच ड्रायव्हरवर एका ओळीत 12 ऐवजी 16 चिप लागतील. या चिपचा उजेड उष्णतेने पांढऱ्यापेक्षा जास्त उतरतो, म्हणून हीट सिंक मोठा घ्या.

याच संदर्भात, मच्छीमारीसाठी मोठे एलईडी दिवे बनवून द्या अशी मागणी तुमच्याकडे येईल. ते काम घेऊ नका. 2017 मध्ये केंद्र सरकारने समुद्रातल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंत) एलईडीच्या उजेडावर मासेमारी करायला बंदी घातली, कारण दिव्याखाली लहान मासळीसकट सगळी जमते आणि पारंपरिक मच्छीमाराच्या जाळ्यात काही उरत नाही. बोटीचे नॅव्हिगेशनचे, डेकवरचे दिवे जरूर बनवा.

कचऱ्याचा कायदा थोडक्यात. ई-कचरा नियम 2022, अंमल 1 एप्रिल 2023 पासून. सूक्ष्म उद्योगांना ते लागू नाहीत, आणि 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक 2.5 कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत. तुम्ही यात बसत असलात तरी जुना माल परत घ्या. सीएफएल आणि ट्यूबमध्ये पारा असतो, त्या फोडू नका, खोक्यात उभ्या ठेवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या. एखादी फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर राहा. नंतर जाड कागदाने तुकडे गोळा करा, झाडू नको. पॅकिंगला थर्माकोल सोडून पुठ्ठ्याचे कप्पे वापरा. काथ्या स्थानिक असला तरी ओलावा धरतो, म्हणून दिव्याला थेट लागू देऊ नका.

पुस्तिकेत '80 टक्के वीज वाचते' असं छापू नका. तो आकडा जुन्या पिवळ्या बल्बशी तुलना करून येतो, आणि 5 जानेवारी 2015 ला सुरू झालेल्या, स्वस्तात एलईडी बल्ब देणाऱ्या उजाला योजनेनंतर तो बल्ब फार थोड्या घरांत उरलाय. तुलना आजच्या साध्या एलईडीशी करा: 20 वॉटच्या जागी त्याच उजेडाचा 15 वॉटचा दिवा, रोज 10 तास, वर्षाला 18 युनिट. छोटा आकडा आहे, पण गिऱ्हाईक मीटरवर तपासू शकतं.

त्याखाली तीन ओळी पुरेत: ड्रायव्हर, प्लेट, गॅस्केट, काच आणि एसपीडी सुटे मिळतील, विक्रीनंतर 10 वर्षं मिळतील, किमती या. या ओळी छापण्याआधी प्रत्येक 100 दिव्यांमागे 5 ड्रायव्हर आणि 3 प्लेटा बाजूला काढून ठेवा. पॉटिंग केलेले ड्रायव्हर ठेवताना त्यावर तारीख टाका आणि वर्षातून एकदा तासभर चालवा, कारण नुसता पडून राहिलेला कपॅसिटरही हळूहळू खराब होतो. प्रत्येक दिव्याच्या आत क्रमांक, महिना आणि ड्रायव्हरचा लॉट कोरा, स्टिकर नको, तो पहिल्या पावसात गळतो. परत आलेल्या प्रत्येक दिव्याची नोंद वहीत करा: गाव, समुद्रापासून अंतर, किती महिने चालला, काय गेलं. पुढच्या वर्षी पुस्तिका छापताना कुठला भाग किती परत आला हे त्या वहीतून उचला आणि सुट्या भागांच्या किमतींशेजारी छापा.